इतिवृत्तातला ‘कोणी’

मी पंचवीस वर्षांची असताना आमच्या गावच्या शाळेची ‘शिक्षणतज्ज्ञ’ झाले. डी.एड. झालेलं होतं, नोकरी नव्हती, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या यादीत शिक्षणतज्ज्ञाचा रकाना रिकामा पडला होता. मुख्याध्यापक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘ताई, आधीचे रिटायर गुरुजी लेकाकडं पुण्याले राह्यले गेले. तुमचं नाव टाकून देऊ का?’’

मी विचारलं, ‘‘काम काय असते?’’

‘‘सही असते,’’ ते म्हणाले.

त्यात काही खोटं नव्हतं. समितीत बहुतेक सगळे पालकच, त्यातही निम्म्या बाया. शाळेत काय हवं, काय सुधारायचं, वर्षाचा आराखडा काय, हे या लोकांनी महिन्याच्या सभेत बसून ठरवायचं असतं. आमच्याकडे सभा म्हणजे एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. मुख्याध्यापक सर तिच्यात इतिवृत्त आधीच लिहून ठेवत आणि मग ती खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या पिशवीतून घरोघर, वावरोवावर फिरत असे. कोणी धुऱ्यावर, वावराच्या कडेला बसून सही करी, कोणी सोयाबीनच्या भरल्या कट्ट्यावर वही टेकवून अंगठा देई. प्रत्येक ठरावाखाली एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. समितीतल्या एका सदस्याला मी सांगितलं की वर्षभरात तुम्ही कितीतरी ठरावांना अनुमोदन दिलेलं आहे, तेव्हा तो घाबरून म्हणाला, ‘‘म्हंजे मले जेलात तं नाई ना नेत?’’

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा एका संघटनेत होते. दिग्रसहून एसटीनं येताना ते पिवळ्या आणि गुलाबी पातळ कागदांचा गठ्ठा काखेत मारून आणत. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवली. ‘झालाच पाहिजे’ हे मला ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी वाचता येत होतं. त्यामुळं एक खोड लागली, ती अजून पुरती गेलेली नाही. एखादी गोष्ट कागदावर नीट, ठळक, शुद्धलेखनाची चूक न करता लिहिली की ती अर्धी तरी झालीच, असं मला वाटत राहतं.

म्हणून मीही एक पत्रक लिहिलं. ‘शाळा कोणाची?’ असं वर मोठ्या अक्षरात, आणि फुलसावंगीला जाऊन त्याच्या झेरॉक्स काढल्या. सभा झाल्याशिवाय सही नाही. सभा वावरातून लोक परतल्यावर, दिवस मावळायच्या बेताला. बायांनी आधी बोलायचं, माणसांनी नंतर. आणि शेवटचं कलम, ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता: पालकानं सभेत दिलेला शब्द अंतिम, नंतर त्याच्या घरी जाऊन कोणीही त्याला फिरवायचं नाही. सभेत एक बोललेली बाई दुसऱ्या दिवशी, चार माणसं ओट्यावर येऊन बसल्यावर, वेगळंच बोलू लागते, हे मी लहानपणापासून पाहत आले होते.

सरांनी पत्रक दोनदा वाचलं. ‘‘चांगलं लिहिलं. लोकं तुमी आणा, वही मी कोरी ठेवतो. अन् लिवाचं कामबी तुमीच करा, तुमचं अक्षर चांगलं हाये.’’

त्यांनी वही खरोखरच कोरी ठेवली. लोक आणणं माझ्याकडं आलं.

पहिल्या सभेला तीन जण आले. दुसऱ्या सभेला पाच, त्यातला एक रेशनच्या अंगठ्यासाठी आला होता आणि सभा आहे कळल्यावर शरमेनं बसून राहिला. तिसऱ्या सभेच्या दिवशीच गावात तेरवी निघाली. प्रत्येक सभेआधी मी दोन-दोन संध्याकाळी घरोघर फिरत असे. ‘येतो ना ताई’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते कोण कोणत्या सुरात म्हणेल हे मला आधी कळू लागलं. तालुक्याच्या प्रशिक्षणात साहेब म्हणत, पालक उदासीन आहेत. मला उठून भांडावंसं वाटे. सात वाजता निंदायला गेलेली बाई सहाला परत येते, पाणी भरते, चूल पेटवते, आणि तिनं त्यानंतर शाळेच्या आराखड्यावर मत द्यावं अशी आपली अपेक्षा असते. तिला उदासीन म्हणणाऱ्या माणसानं एक दिवस तिच्यामागं पिकाच्या तासात वाकून चालावं. हे मी तिथं बोललेही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

चौथ्या सभेला, पोळ्यानंतर, सतरा माणसं आली. विषय होता वर्षाचा शाळा विकास आराखडा.

आमच्या शाळेत निम्मी मुलं गावातली आणि निम्मी तांड्यावरची. गाव आणि तांडा यांच्यामध्ये एक नाला आणि एक बोरीचं झाड आहे, बाकी काही नाही. तांड्यावरचे लोक घरात आणि आपसात गोरबोली बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी. त्यांची वावरं थोडी, कोरडवाहू. दसरा झाला की ट्रक येतात आणि बरीच घरं ऊस तोडायला तिकडं पश्चिमेकडं जातात. होळीच्या आसपास परततात. मुलं बरोबर जातात, कारण मागं कोण पाहणार. दिवाळीनंतर शाळेत गेलं की एका बाजूच्या बसायच्या पट्ट्या रिकाम्या दिसतात.

तांड्यावर पत्रक वाटायला गेले तेव्हा एका बाईनं मला थांबवलं होतं. तिशीची असेल, आमच्या वावरात निंदायला येणारी. तिची मुलगी तिसरीत, मुलगा पहिलीत. तिला वाचता येत नव्हतं. मुलीनं ओट्यावर उभं राहून पत्रक वाचून दाखवलं, बोट ठेवत, जोडाक्षरांवर अडखळत. ‘अंतिम’ला ती तीनदा थांबली.

बाई म्हणाली, ‘‘आता वाचते हे. उसातून आली का सारं सफा. मंग पुन्हा अ-आ पासून. दोन साल झाले, तेच करून राह्यली.’’

मी तिला हंगामी वसतिगृहाबद्दल सांगितलं. समितीनं ठराव करून मागणी केली तर अशा मुलांची राहायची-जेवायची सोय शाळेतच होते, आईबाप परत येईपर्यंत. तिनं तीन प्रश्न विचारले. सांजचं जेवण कोण शिजवीन. तिथं बाईमाणूस झोपायले राह्यते का. अन् लेकरू तापलं तर पयला फोन कोनाले जाईन. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला माहीत होती. तिसरा मी सरांना विचारला. ‘‘तेच तर भेव हाये मले,’’ ते म्हणाले. ‘‘लोकाचे लेकरं, ताई. साप निघाला, ताप आला, सारं माया डोक्शावर. एक मास्तर आधीच कमी हाये.’’ त्यांना मी मनातल्या मनात शत्रूच्या रकान्यात टाकलं नाही हे मला आजही बरं वाटतं. ते घाबरलेले होते, आणि घाबरण्यासारखं होतं.

सभेत सरांनी आधी सगळ्यांचा फोटो काढून घेतला. ‘‘नंतर कोणी उठून जाते, मंग फोटोत समितीच दिसत नाई.’’ मग अध्यक्ष बोलले. तेही पालक, गावात त्यांचं किराण्याचं दुकान.

‘‘शाळेले गेट पाह्यजे,’’ ते म्हणाले. ‘‘गेट नाई तं शाळा दिसत नाई. ढोरं घुसतात.’’

‘‘ढोरं तरी रोज येतात, भाऊ,’’ मागून एक बाई म्हणाली. ‘‘तुमचा पोरगा कवा येते?’’

सगळे हसले, अध्यक्षही हसले, आणि त्यानंतर सभा जरा सैल झाली. गेट, नळ, मुलींच्या संडासाचं दार, पाचवीला मास्तर. मी लिहीत होते. बाया खरंच बोलत होत्या. चार महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की हे होतंय.

वसतिगृहाचा विषय शेवटी आला. सर म्हणाले, किती मुलं मागं राहणार ते आत्ताच विचारून घेऊ. दहाच्या खाली प्रस्ताव वर चालत नाही, मागं एकदा तसाच परत आला होता. अध्यक्षांनी तांड्याच्या एकेका पालकाला विचारायला सुरुवात केली, मी उत्तरं टिपू लागले. काही म्हणाले, ठेवतो. काही म्हणाले, संगच नेऊ, इतं कोणी नाई पाह्यले. ‘इतं कोणी नाई’ हे चौघांनी तरी म्हटलं. तेवढ्यात सरांना केंद्रप्रमुखांचा फोन आला आणि ते बोलत बोलत व्हरांड्यात गेले. मावशी मागच्या खोलीत चहा करत होत्या.

तीन प्रश्न विचारणारी ती बाई दाराशी बसली होती. तिचा मुलगा मांडीवर चुळबुळ करत होता, रडायच्या बेतात होता. अध्यक्षांनी विचारलं, ‘‘अन् तुये दोघं? संग नेतं का?’’

ती उठता उठता, मुलाला कडेवर घेत, खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘साते लेजाऊ कोनी.’’ आणि मुलगा रडू लागला म्हणून बाहेर निघून गेली.

मी लिहिलं: सदर पालक दोन्ही पाल्यांना सोबत घेऊन जाणार. येथे सांभाळण्यास कोणी नाही.

माझं अक्षर तेव्हाही चांगलंच होतं.

सर आत आले, आम्ही बेरीज केली. नऊ. चहा झाला, सह्या झाल्या, लोक गेले. सर म्हणाले, ‘‘एकच कमी पडते. पाहा आठ दिवसांत भेटते का.’’ त्यांच्या आवाजात सुटकेचा जो भाग होता तो मला ऐकू आला आणि मला त्याचा राग आला. मी ठरवलं की दहावं मूल मी आणणारच.

पुढच्या दोन संध्याकाळी मी तांडा पालथा घातला. ज्यांची नावं वहीत नव्हती, जे सभेला आले नव्हते, त्यांच्याकडं गेले. ज्यांनी सभेत ‘संग नेऊ’ म्हटलं होतं त्यांची पायरी मात्र चढले नाही. माझंच कलम होतं ते. एका घरी म्हातारा म्हणाला, लेकाला विचारा. लेक म्हणाला, बायकोले विचारा. बायको म्हणाली, म्हातारा सांगीन तसं. एका घरच्या जुळ्या मुली होत्या, दोन एकदम मिळाल्या असत्या, पण त्यांचं यंदा जायचंच रद्द झालं होतं.

दुसऱ्या दिवशी परतताना मी तिच्या घरावरून गेले. ती अंगणात सोयाबीन पसरवत होती.

‘‘ताई, झालं का वसतिगृहाचं?’’

‘‘नाही हो. एक मूल कमी पडतंय.’’

‘‘एकच?’’ ती म्हणाली. ‘‘मंग भेटून जाईन. कायले तोंड पाडता?’’ तिनं आतून पाण्याचा गडवा आणला. मी प्यायले. मुलगी पायरीवर बसून कपड्याच्या पिशवीवरचं छापील नाव वाचत होती. मी तिच्याकडं पाहिलं आणि मला वाईट वाटलं, की हिच्या आईनं इतके प्रश्न विचारले आणि शेवटी तिला नेतेच आहे. पण तो तिचा निर्णय होता. मी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि न काढल्याचं मला समाधानही वाटलं.

आठ दिवस संपले. आराखडा वर गेला. गेट त्यात पहिल्या क्रमांकावर होतं. वसतिगृहापुढं लिहिलं होतं: पुरेशी मागणी नाही.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळच्या शाळेच्या वेळी सरांचा फोन आला. ‘‘ताई, या जरा. वही काढून बसलो मी.’’

मी गेले तर ती व्हरांड्यात उभी होती. बाजूला दोन्ही मुलं, एक गोधडी, एक ताट, दोन पेले, तेलाची बाटली. मुलांचे केस तेल लावून चापून बसवलेले. उद्या ट्रक निघणार होता आणि ती त्यांना पोचवायला आली होती. वसतिगृह नाही हे सर तिला सांगत होते, आणि ती शांतपणे तेच तेच विचारत होती, की मग तिची दोन धरून नावं किती झाली होती.

मी वही घेतली आणि ओळ वाचून दाखवली.

‘‘हे कोन बोललं?’’ तिनं विचारलं.

‘‘तुम्हीच. सभेत.’’

‘‘मी तं म्हनलं, लेजाऊ कोनी.’’

‘‘हो. नेऊ, इथं कोणी नाही. तेच लिहिलंय.’’

मावशी तिथंच खिचडीचे तांदूळ निवडत होत्या, त्यांनी हात थांबवला. त्याही तांड्याच्याच. ‘‘ताई,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘आमच्यात नाईले कोनी म्हंतात. लेजाऊ कोनी म्हंजे नेनार नाई.’’

आमच्याकडं बोलताना ‘ण’ कोणी नीट म्हणत नाही. आमचं ‘कोणी’ आमच्याही तोंडातून ‘कोनी’च निघतं. त्या सभेत तिच्या आधी चार लोक ‘इतं कोणी नाई’ म्हणून गेले होते, आणि मी पाचव्यांदा तेच ऐकलं. जन्मभर नाल्याच्या अलीकडं राहून पलीकडच्या भाषेतला ‘नाही’ मला माहीत नव्हता. ही बाई दरसाल आमच्या वावरात निंदायला येत होती, तिनं माझ्याशी लागणारे सगळे शब्द माझ्या भाषेतले शिकून घेतले होते, आणि मी तिचा एकही नाही.

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, ‘‘मंग लिवल्यावर वाचून काहून नाई दाखवलं?’’

मी वही उघडी धरून उभी होते. त्याच पानावर, सगळ्यात वर, विषय क्रमांक एकखाली, माझ्याच अक्षरात ओळ होती: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. ही ओळ प्रत्येक सभेच्या पानावर असते. मी आधीच्या पानावरून उतरवून घेतली होती. ते इतिवृत्त आम्ही वाचलं नव्हतं, आणि त्या दिवशी लिहिलेलंही कोणाला वाचून दाखवलं नव्हतं. सह्या आधीच्यासारख्याच झाल्या होत्या, फक्त या वेळी वावराऐवजी वर्गात.

सर म्हणाले, ‘‘मी तरी विचाराले पाह्यजे होतं.’’ त्यांच्या आवाजात या वेळी सुटका नव्हती.

मी त्याच दिवशी तालुक्याला गेले. शनिवार असला तरी ऑफिसात कामाला आलेला एक भला लिपिक भेटला, पंख्याखालची खुर्ची मला दिली. मी सांगितलं, नऊ नाही, अकरा मुलं होती, लिहिताना चूक झाली. त्यानं वहीचं पान पाहिलं. ‘‘तुमचंच अक्षर ना हे?’’ हो म्हटलं. ‘‘खाली पालकांच्या सह्याही आहेत.’’ हो. ‘‘ताई, याद्या वर गेल्या. आता दुरुस्तीचा ठराव करून आणा, पण तो पुढच्या सालीच उपयोगी पडीन.’’ मी त्याच्याशी भांडले. बाबांच्या पत्रकांतले बरेचसे शब्द मी त्या अर्ध्या तासात वापरले. तो मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, शेवटची बस पावणेपाचला आहे.

रात्रीतून काही घडलं नाही. सकाळी ट्रक आले. नऊ नावांपैकी सात मुलं त्यात चढली. दोघांना आजोळी पाठवलं होतं. अकरा मुलांचं वर्ष एका शब्दावर गेलं, हे मी कितीही वेगवेगळ्या बाजूंनी मांडून पाहिलं तरी ते तेवढंच राहतं. सरांची भीती, दहाची अट, आठ दिवसांची मुदत, हे सगळं खरं आहे आणि मी ते ओरडून सांगायला तयार आहे. पण तो शब्द मी लिहिला.

ती बाई ट्रकात चढली तेव्हा तिच्या कडेवर फक्त मुलगा होता. मुलगी खाली, आजीचा हात धरून. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘मी नेनार नाई म्हनलं होतं ना. याले न्या लागते, लहान हाये. इले नाई नेत.’’ तिच्या सासूला एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि गुडघे धरलेले होते. कोण कोणाला सांभाळणार होतं ते स्पष्ट दिसत होतं.

मुलगी शाळेत येत राहिली. भाकरी टाकून, आजीला पाणी तापवून देऊन येई, म्हणून प्रार्थनेला कधीच पोचत नसे. सर हजेरी थांबवून धरत. मावशी तिच्या डब्यात आजीपुरती खिचडी घालत. मी आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी जाऊन तिचं वाचन घ्यायचं ठरवलं होतं; खरं सांगायचं तर पुष्कळदा गेले नाही. शिकवण्या घेऊन दमलेली असे, आणि त्या अंगणात बसायला मला जड जाई. गेले की ती मुकाट्यानं पुस्तक काढी. नाताळापर्यंत ती गोष्ट न अडखळता वाचू लागली होती. संक्रांतीनंतर आजी मोरीत पडली. मामा आला, आजीला तिच्या लेकीकडं नेलं आणि मुलीला एसटीत बसवून आईकडं उसात पोचवलं. होळीला ती परत आली तेव्हा माझ्याकडं बघून हसली, पण पुस्तक काढलं नाही.

या वर्षीच्या आराखड्याच्या सभेला तेरा माणसं आली. विषय क्रमांक एकला मी मागचं इतिवृत्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचलं. अध्यक्ष म्हणाले, ‘‘ताई, पयले इतका टाइम नोता लागत.’’

‘‘लागू दे ना भाऊ,’’ ती बाई म्हणाली. ती या वेळी दाराशी नव्हती, माझ्या बाजूला बसली होती. ‘‘तुमचं दुकान पळून नाई जात.’’

तिच्या ओळीवर मी थांबले, चूक सांगितली आणि दुरुस्ती लिहून पुन्हा वाचली. एक म्हातारा झोपला होता. मग नवीन यादी सुरू झाली. तिनं दोन्ही मुलांची नावं दिली, आणि मी लिहिलेलं मुलीकडून वाचून घेतलं, अक्षर अक्षर लावत. शेवटी बेरीज झाली. आठ. मागच्या सालापेक्षाही कमी. मागच्या वेळी ज्यांनी नावं दिली होती त्यांच्यापैकी तिघं म्हणाले, नावं देऊन काय झालं.

सभा उठली. मी वही मिटली. मी इतकी थकले होते की दहाला दोन कमी हे गणितसुद्धा मला दूरचं वाटत होतं.

ती म्हणाली, ‘‘चाला.’’

‘‘कुठं?’’

‘‘त्या तिघाइच्या घरी.’’

मी म्हणाले, सभेत नाही म्हटल्यावर घरी जाऊन फिरवायचं नाही, असं आपण ठरवलं आहे.

‘‘तुमी ठरवलं,’’ ती म्हणाली. ‘‘माया पोरीचं साल हाये ताई. तुमी बोलू नका. फकस्त वही घेऊन संग चाला.’’

मी गेले. दिवस मावळायला अजून वेळ होता. पहिल्या घरी कुलूप होतं. दुसऱ्या घरच्या बाईशी ती गोरबोलीत बोलत राहिली, कधी हसत, कधी माझ्याकडं बोट दाखवून, आणि मला समजलं नाही तरी त्या बोटाचा अर्थ समजत होता. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडं वळली. ‘‘एक लिवा. पोरगा, दुसरीत.’’ मी नाव लिहिलं, वाचून दाखवलं, घरच्या बाईनं मान हलवली, मग सही घेतली. नऊ.

तिसऱ्या घरचा माणूस खाटेवर बसला होता. तो आम्हाला पाहूनच नाही म्हणाला. तिनं अंगणातला पाट ओढला आणि त्याच्यासमोर बसली. त्याची बायको चुलीवरून उठून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ती मध्येच एक-दोन शब्द बोलली, तिच्या नवऱ्यानं मान फिरवून तिच्याकडं पाहिलं, आणि मग तिघंही एकदम बोलू लागली. मी भिंतीशी वही मांडीवर घेऊन बसले, पेनाचं टोपण न काढता.